वाचकांचे प्रश्न : डेसिमेट म्हणजे दहातला एक, की दहातले नऊ?

या वेळच्या पत्रांमधले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, माणसांची किंवा प्राण्यांची संख्या कमी होणं आणि कमी करणं यासाठी जे शब्द आहेत ते नेमके आले कुठून आणि कुठे काय वापरायचं. म्हणून सगळे एकत्रच घेतलेत.

प्रश्न : मी पर्यावरणावरच्या लेखांची मराठी भाषांतरं करते. एका लेखात बुरशीच्या रोगामुळे बेडकांच्या अनेक जाती 'डेसिमेट' झाल्या असं वाक्य होतं. डिक्शनरीत पहिला अर्थ सापडला तो दर दहातला एक मारणे, म्हणून मी 'संख्या दहा टक्क्यांनी घटली' असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'बेडूक जवळजवळ नामशेष झाले' असं केलं. बरोबर कोण? आणि हा दहाचा आकडा मुळात आला कुठून?

उत्तर : आजच्या अर्थाच्या जवळ संपादक आहेत, पण त्यांनी जरा जास्तच ताणलंय. आज डेसिमेट म्हणजे खूप मोठा हिस्सा नष्ट होणं, सगळंच संपणं नाही. बेडकांचंच बघा, कायट्रिड नावाच्या त्या बुरशीमुळे किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात असा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झालाय, म्हणजे फटका भयानक आहे पण बहुतेक जाती अजून तग धरून आहेत. तिथे 'संख्या प्रचंड घटली' हे सरळ आणि खरं वाक्य झालं असतं.

आता दहाचा आकडा. लॅटिनमध्ये 'डेकेम' म्हणजे दहा, 'डेकिमुस' म्हणजे दहावा आणि त्यावरून क्रियापद 'डेकिमारे', दहावा काढणे. आपला 'दश' आणि त्यांचा 'डेकेम' एकाच भाषाकुळातले सख्खे नातेवाईक आहेत, डेसिमल आणि डिसेंबर हेही त्याच घरातले. पण डेसिमेट हा शब्द गणितातून नाही आला, तो रोमन सैन्याच्या छावणीतून आलाय आणि तिथे तो लोकसंख्या कमी करण्याचा शब्दच नव्हता. ती शिक्षा होती आणि तीही शत्रूला नाही, स्वतःच्याच सैनिकांना.

ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस यानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात तिचं वर्णन करून ठेवलंय. एखादी अख्खी तुकडीच घाबरून जागा सोडून पळाली तर सगळ्यांना मारून चालायचं नाही, आणि सगळ्यांना तसंच सोडूनही चालायचं नाही, मग करायचं काय, तर सैन्य एकत्र बोलवायचं, पळालेल्यांना पुढे उभं करायचं, सगळ्यांसमोर त्यांची निर्भर्त्सना करायची आणि मग त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून कधी पाच, कधी आठ, कधी वीस, म्हणजे एकूण साधारण दहावा हिस्सा होईल इतके लोक निवडायचे. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला सोट्यांनी जीव जाईपर्यंत मारायचं. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव द्यायचे आणि छावणीच्या तटाबाहेर, जिथे कसलंच संरक्षण नाही अशा जागी तंबू ठोकायला लावायचे. पॉलिबिअस म्हणतो की चिठ्ठीची भीती सगळ्यांवर सारखीच असते आणि जव खाण्याची बेअब्रूही सगळ्यांच्याच वाट्याला येते, म्हणून ही पद्धत धाक बसवायला उत्तम. म्हणजे मेलेल्या एकापेक्षा उरलेले नऊ जण काय शिकतात त्यावर सगळा भर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आज आपण हा शब्द वापरताना फक्त मेलेल्यांचा विचार करतो.

आता यात अन्याय आहे हे रोमनांना कळत नव्हतं असं नाही. इ.स. ६१ मध्ये एका बड्या अधिकाऱ्याचा त्याच्याच गुलामानं खून केला तेव्हा घरातल्या सगळ्या, म्हणजे ४०० गुलामांना मारायचं का यावर सेनेटमध्ये वाद झाला. तिथे कॅसिअस नावाच्या सदस्यानं हेच उदाहरण दिल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, पळालेल्या सैन्यातला दर दहावा मारला जातो तेव्हा शूर माणसाचीही चिठ्ठी निघतेच, मोठा धडा घालून द्यायचा तर थोडा अन्याय होणारच. आणि त्या ४०० जणांना खरंच मारलं. त्यात बायका-मुलंही होती.

ही शिक्षा रोज काही दिली जात नव्हती. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथात इ.स.पू. ४७१ चा एक जुना प्रसंग आहे, त्यानंतर मोठं नाव येतं क्रॅसस या रोमन सेनापतीचं. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेल्या बंडाच्या वेळी, इ.स.पू. ७२-७१ च्या आसपास, त्याचे सैनिक शस्त्रं टाकून पळाले. प्लुटार्क सांगतो की क्रॅससनं त्यातले ५०० जण काढले, दहादहाचे ५० गट केले आणि प्रत्येक गटातला एक मारला, म्हणजे ५० माणसं. पण ॲपिअन हा दुसरा इतिहासकार याच प्रसंगाच्या वेगवेगळ्या हकिकती देतो आणि त्यातल्या एकीत मेलेल्यांचा आकडा थेट ४,००० आहे. पुढे मार्क अँटनी या रोमन सेनापतीनं इ.स.पू. ३६ मध्ये पूर्वेकडच्या मोहिमेत हेच केलं. इ.स. २० मध्ये आफ्रिकेत ॲप्रोनिअस या सेनापतीनं केलं तेव्हा टॅसिटसला ते इतकं जुनाट वाटलं की पूर्वीच्या आठवणीतली दुर्मीळ शिक्षा असं त्यानं मुद्दाम नोंदवलंय.

हे सगळं प्राचीन काळात संपलं असंही नाही. पहिल्या महायुद्धात इटलीचा सेनाप्रमुख कादोर्ना याच्या काळात ही शिक्षा पुन्हा आली आणि इटालियन भाषेत तिला नावही तेच होतं, 'देचिमात्सिओने'. जुलै १९१७ मध्ये कातान्झारो ब्रिगेडनं बंड केलं, तेव्हा २८ सैनिकांना गोळ्या घातल्या आणि त्यातल्या काहींना तर त्यांनी स्वतः काही केलंय म्हणून नाही, नुसती निवड झाली म्हणून.

प्रश्न : आमचे एक प्राध्यापक म्हणायचे की डेसिमेट हा शब्द 'मोठा विनाश' या अर्थानं वापरणं ही सरळसरळ चूक आहे, दहातला एक गेला तरच वापरावा. तुमचं मत काय?

उत्तर : हे म्हणणारे तुमचे प्राध्यापक एकटे नाहीत. अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट नावाच्या टीकाकारानं १८७० मध्येच ही तक्रार केली होती, यादवी युद्धाच्या बातम्यांमध्ये हा शब्द वाटेल तसा वापरला गेला म्हणून. तेव्हापासून ती दर पिढीत कुणीतरी करतंच.

पण मला ती पटत नाही. इंग्रजीत 'बराचसा भाग नष्ट करणे' हा अर्थ सतराव्या शतकापासून चालत आलाय, म्हणजे तक्रारीपेक्षा वापर दोनशे वर्षांनी जुना आहे. दुसरं, मूळच धरून बसायचं तर कुठलं मूळ धरणार? कारण लॅटिनमध्ये याच क्रियापदाचा अर्थ दशमांश कर घेणे असाही होता आणि इंग्रजीतही तो अर्थ होता. १६५५ मध्ये इंग्लंडमध्ये, राजाला हटवून आलेल्या क्रॉमवेलच्या सरकारनं राजाच्या बाजूनं लढलेल्या जमीनदारांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा कर बसवला त्याला डेसिमेशन टॅक्स म्हणत, त्यात कुणाचा जीव गेला नाही. तो खरा अर्थ की सैनिकांचा? आणि डिसेंबर आता बारावा महिना आहे म्हणून त्याचं नाव बदला असं कुणी म्हणत नाही. शब्द कुठून आला हा त्याचा इतिहास झाला, आजचा अर्थ आजची बोलणारी माणसं ठरवतात.

एक सावधगिरी मात्र मीही पाळतो. आकड्याशेजारी हा शब्द ठेवायचा नाही. 'सत्तर टक्के डेसिमेट झाले' किंवा 'पूर्णपणे डेसिमेट झाले' असं वाचलं की ज्याला मूळ माहितीय तो अडखळतो आणि ज्याला माहिती नाही त्याला नेमकं किती ते कळत नाही. आकडा हातात असेल तर आकडाच लिहा, शब्दाची गरजच नाही.

आणि अर्थ बदलताना जे गळून पडलं ते आकड्यापेक्षा मोठं आहे असं मला वाटतं. जुन्या वापरात मारणारा कोण हे स्पष्ट होतं, हुकूम देणारा सेनापती, सोटे चालवणारे मरणाऱ्याचेच सोबती. आता रोगानं डेसिमेट होतं, दुष्काळानं होतं, आर्थिक मंदीनंही होतं, करणारा वाक्यातून गायब झाला तरी चालतं. प्राध्यापकांनी दहा टक्क्यांबद्दल भांडण्यापेक्षा याबद्दल भांडायला हवं होतं.

प्रश्न : डिपॉप्युलेट म्हणजे पॉप्युलेटच्या उलट, इतकं सोपं आहे ना?

उत्तर : दिसतं सोपं, पण प्रवास अगदी उलटा झालाय. लॅटिनमध्ये 'पोप्युलारी' म्हणजे लुटणे, उद्ध्वस्त करणे. 'डेपोप्युलारी' म्हणजे तेच पण जोर देऊन, पार धूळधाण करणे. तिथे 'डे' हा 'काढून घेणे' या अर्थाचा नाहीच, तो 'पुरतं' या अर्थाचा आहे. आणि गंमत म्हणजे अभिजात लॅटिनमध्ये 'पोप्युलाटिओ' या शब्दाचा अर्थ लोकसंख्या नव्हे, लूटमार! ज्या शब्दातून आपण आज शाळेच्या पुस्तकात पॉप्युलेशन म्हणून शिकतो तो शब्द. 'पोप्युलुस' म्हणजे लोक हा अर्थ सगळ्यांना माहिती आहे, पण अगदी जुन्या काळी तो शस्त्र धरू शकणाऱ्या लोकांसाठी, म्हणजे सैन्यासाठी होता असं मानतात, रोमच्या हुकूमशहाचं एक जुनं पदनाम 'मागिस्तर पोप्युली' म्हणजे सैन्याचा प्रमुख असं होतं. सैन्य आलं की लूट आलीच, तसं ते क्रियापद आलं असावं.

इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द आला तोही आधी उद्ध्वस्त करणे याच अर्थानं, आणि मग हळूहळू 'माणसं नाहीशी करणे' या अर्थाकडे सरकला. तो का सरकला हे समजायला त्या काळचं इंग्लंड बघावं लागतं आणि इथे मला थोडं लांबण लावू द्या.

१३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. शेतात राबायला माणूस मिळेना, मजुरी वाढली, त्याच वेळी लोकरीला चांगला भाव होता. नांगराच्या शेतीला अख्खं गाव लागतं आणि मेंढ्यांना एक मेंढपाळ आणि कुत्रा पुरतो, मग जमीनदारांनी हिशेब केला, कुळं काढली, घरं पाडली, शेतांना कुंपण घालून कुरण केलं. गावंच्या गावं अशी गेली. १४८९ मध्ये सातव्या हेन्रीच्या काळात याविरुद्ध कायदा झाला, १५१७ मध्ये राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्सी यानं चौकशी आयोग नेमला, आणि हे सगळं होऊनही थांबलं नाही. १६०७ मध्ये मध्य इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांनी कुंपणं उखडायला सुरुवात केली, न्यूटन नावाच्या गावी त्यातले चाळीसेक लोक मारले गेले. या सगळ्या काळात डिपॉप्युलेशन हा आकडेवारीतला थंड शब्द नव्हता, तो आरोप होता. १६३० च्या दशकात पहिल्या चार्ल्सच्या आयोगांनी तर या गुन्ह्यासाठी जमीनदारांकडून दंडही वसूल केले, अर्थात त्यात रयतेची कळकळ किती आणि रिकाम्या तिजोरीची काळजी किती हा प्रश्न आहेच.

यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं असंच एक गेलेलं गाव आहे. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या दोघांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन केलं. आधी सगळ्यांचा समज असा की ही गावं प्लेगनं संपली. पण हे गाव प्लेगमधून वाचलं होतं, अजून दीडशे वर्षं जगलं होतं, आणि शेवटची घरं साधारण १५०० च्या सुमाराला मेंढ्यांसाठी पाडली गेली. इंग्लंडमध्ये मध्ययुगात ओस पडलेली अशी सुमारे ३,००० गावं मोजली गेलीत. सगळीच मेंढ्यांनी गेली असं नाही, पण 'प्लेग आला आणि गावं गेली' असं म्हटलं की कुणाला जाब विचारायचा प्रश्नच राहत नाही, हे लक्षात घ्या.

प्रश्न : बर्ड फ्लूच्या बातम्यांमध्ये कलिंग हा शब्द येतो. तो याच कुटुंबातला का?

उत्तर : नाही, हा वेगळा. लॅटिनमधल्या गोळा करणे या अर्थाच्या क्रियापदापासून, जुन्या फ्रेंचमधून आलेला, म्हणजे कलेक्टचा भाऊ. मूळ अर्थ वेचणे, निवडणे. कळपातली अशक्त मेंढरं वेगळी काढायची ते कलिंग. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९६७ ते १९९४ या काळात हत्तींची संख्या मर्यादेत ठेवायला १४,००० हून जास्त हत्ती मारले त्यालाही कलिंग म्हणत. पण बर्ड फ्लूमध्ये शेडमधली प्रत्येक कोंबडी मारतात, निवड कुठेच नाही, तिथे हा शब्द खरं तर बसत नाही. पशुवैद्यक अशा वेळी डिपॉप्युलेशन म्हणतात आणि ते दयामरणापासून आणि मांसासाठीच्या कत्तलीपासून वेगळं धरतात. मराठी बातमीत 'सगळ्या कोंबड्या मारल्या' हे पुरेसं आहे.

प्रश्न : डिपॉप्युलेट झालेल्या गावाला मराठीत काय म्हणावं? 'निर्लोकीकरण' असा एक शब्द वाचला, तो फार कृत्रिम वाटतो.

उत्तर : वाटणारच, कारण आपल्याकडे शब्द आधीपासून आहेत आणि फार चांगले आहेत. बेचिराख घ्या. आज आपण तो 'जळून राख झालेलं' असा समजतो, शेवटी राख आहे म्हणून. पण तो फारसीतून आलाय, 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायला कुणी उरलं नाही ते गाव बेचिराग. महसुलाच्या जुन्या भाषेत तो साधा तांत्रिक शब्द होता, गावाचं नाव दप्तरी आहे, जमीन आहे, हद्द आहे, वस्ती नाही. आगीचा काही संबंधच नाही. मराठी कानांनी ग चा ख केला आणि राखेचा अर्थ आपोआप चिकटला. आता तो तसा रुळलाय, त्याला चूक म्हणायचं कारण नाही, पण नुसत्या रिकाम्या झालेल्या गावाला आज बेचिराख म्हटलं तर वाचक बॉम्ब आणि आगीच समजेल.

म्हणून मी 'ओस' घेईन. आणि त्यात एक सोय आहे जी इंग्रजीत इतकी सहज नाही. गाव ओस पडलं आणि गाव ओस पाडलं. गाव उठलं आणि गाव उठवलं. एका मात्रेत किंवा एका अक्षरात कर्ता आत येतो किंवा बाहेर राहतो. व्हॅरम पर्सी ओस पाडलं, बरोबर?

हे फरक नुसते व्याकरणातले नाहीत. स्पेनमध्ये आतल्या भागातली गावं कित्येक दशकं रिकामी होतायत, तरुण मंडळी शहरात जातात, शाळा बंद होतात, रेल्वे बंद होते. त्या भागाला लोक 'एस्पान्या वासिया' म्हणू लागले, रिकामा स्पेन. तिथल्या लोकांनी तो शब्द नाकारला आणि 'वासियादा' केलं, रिकामा केलेला स्पेन, कारण त्यांचं म्हणणं की हे आपोआप झालं नाही, धोरणांनी झालं. ३१ मार्च २०१९ ला माद्रिदमध्ये याच नावानं मोठा मोर्चा निघाला. उलट जपानमध्ये 'कासो', म्हणजे फारच विरळ, हा शब्द आहे, तिथे १९७० पासून अशा भागांना मदत द्यायचा खास कायदा आहे, तो शब्द कुणाला दोष देत नाही, फक्त स्थिती सांगतो. जिथे जन्म कमी आणि म्हातारी माणसं जास्त म्हणून संख्या घटतेय तिथे तसा शांत शब्दच योग्य, तिथे आपण 'लोकसंख्या घट' म्हणावं आणि पुढे जावं.

प्रश्न : किती टक्के लोक मारले गेले की त्याला वंशसंहार म्हणतात? डेसिमेटसारखा काही आकडा आहे का?

उत्तर : नाही, कसलाही आकडा नाही. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञानं १९४४ मध्ये जेनोसाइड हा शब्द घडवला, ग्रीक 'गेनोस' म्हणजे वंश आणि लॅटिनमधून आलेला 'साइड' म्हणजे मारणे. नाझींनी व्यापलेल्या देशांत चाललेल्या पद्धतींची यादी देताना त्यानं डिपॉप्युलेशनचं धोरणही त्यातच धरलं, म्हणजे जन्म होऊ नयेत म्हणून केलेले उपायसुद्धा. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी जो करार मंजूर केला त्यात राष्ट्र, वांशिक गट, वंश किंवा धर्म यावरून ओळखला जाणारा एखादा गट संपूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असं म्हटलंय. गटातले जन्म रोखणं आणि मुलं जबरदस्तीनं दुसऱ्या गटाला देणं हेही त्यात येतं. तेव्हा बातमीत मेलेल्यांचा आकडा मोठा आहे एवढ्यावरून हा शब्द वापरू नका आणि आकडा लहान आहे म्हणून टाळूही नका, हेतूबद्दल काय पुरावा आहे ते बघा.